शिलावर्तुळाची जादू कशावर चालावी?

माळरान

नमस्कार. मी मराठीत एक अद्भुतरम्य कादंबरी लिहितो आहे. तिचे जग पूर्णपणे कल्पित आहे: काळ्या कातळाचे विस्तीर्ण पठार, त्याच्या कडेने वसलेली गावे, आणि पठाराच्या मध्यावर, जिथे कोणी नांगर धरत नाही की गुरे सोडत नाही अशा माळावर, उभ्या शिळांचे एक पुरातन वर्तुळ. ते कोणी उभारले हे त्या जगातल्या कोणालाच ठाऊक नाही. तरीही सोयरिकीची बोलणी, शिवेचे तंटे आणि मोठ्या शपथा यांसाठी सगळी गावे तिथेच जमतात.

सध्याच्या खर्ड्यात हे वर्तुळ म्हणजे दुसऱ्या जगात जाण्याचे दार आहे. ठरावीक रात्री ठरावीक शब्द उच्चारले की दोन शिळांमधली हवा थरथरते आणि नायिका पलीकडे जाते. हा भाग लिहून झाल्यापासून मला तो उसना वाटतो आहे. दारच हवे असेल तर विहीर चालते, गुहा चालते, पडका वाडाही चालतो. शिळांचे वर्तुळच का, या प्रश्नाला माझ्या कथेत कुठेच उत्तर नाही. वर्तुळ केवळ सोयीपुरते उरले आहे आणि त्याचा दरारा नाहीसा झाला आहे.

म्हणून जाणकारांना विचारतो. जिथे अशी वर्तुळे खरोखर उभी आहेत, तिथल्या लोकांनी त्यांच्यात कोणती शक्ती मानली? त्या समजुतींना काही आतले नियम होते का? आणि कथेत या जादूचा किती भाग उलगडावा, किती झाकून ठेवावा?

अश्मक

तुमच्या ‘वर्तुळच का’ या प्रश्नाचे उत्तर मला शिळांच्या वजनात दिसते. विहीर एका कुटुंबाला खणता येते आणि गुहा आयती मिळते, पण शिलावर्तुळ उभे करायला अनेक गावांनी अनेक हंगाम एकत्र राबावे लागते. जादूची कल्पना त्या श्रमापासून सुरू करावी असे मला वाटते.

इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या माळावरचे स्टोनहेंज घ्या. तिथला गोल खंदक आणि मातीचा बांध इसवी सनापूर्वी सुमारे ३००० मध्ये झाला, आणि सार्सन नावाच्या कठीण वालुकाश्माच्या मोठ्या शिळा त्यानंतर साधारण ५०० वर्षांनी उभ्या राहिल्या. या शिळा सरासरी २५ टनांच्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक सुमारे २५ किलोमीटरवरच्या वेस्ट वुड्स या भागातून आल्या, हे २०२० मध्ये निश्चित झाले. आतल्या लहान शिळा वेल्समधल्या प्रेसेली डोंगरांतल्या, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवरच्या आहेत. आणि मधोमध आडवी पडलेली सहा टनांची शिळा, जिला ऑल्टर स्टोन म्हणतात, ती ऑगस्ट २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार स्कॉटलंडच्या ईशान्य भागातली निघाली. हे अंतर सुमारे ७५० किलोमीटर भरते. जवळपास दगडांची काही वानवा नव्हती. तरीही कोणाला तरी नेमकी तीच शिळा हवी होती, आणि चाकाच्या गाडीशिवाय ती आणण्याइतकी निकड त्यांना वाटली.

यात लेखकाच्या उपयोगाची एक गोष्ट दडलेली आहे. १२व्या शतकातला इतिवृत्तकार जेफ्री ऑफ मॉन्मथ सांगतो की ही शिळांची गोल मांडणी मुळात आयर्लंडमधल्या किल्लारॉस पर्वतावर होती, तिचे नाव राक्षसांचे नृत्य असे होते, आणि राक्षसांनी त्या शिळा आफ्रिकेहून आणल्या होत्या, कारण प्रत्येक शिळेत औषधी गुण होता. शिळेवर पाणी ओतायचे, ते पाणी स्नानासाठी वापरायचे, त्यात वनस्पती मिसळून जखमांना लावायचे. जादूगार मर्लिनने आपल्या कौशल्याने त्या शिळा समुद्रापार आणून सॉल्सबरीच्या माळावर पुन्हा रचल्या, अशी ती कथा आहे. आयर्लंडचा भाग काल्पनिक आहे, पण शिळा दूरच्या पश्चिमेकडून आल्या ही आठवण कशीबशी तगून राहिली असावी असे मानण्याचा मोह अनेक अभ्यासकांना झालेला आहे, आणि तो मलाही होतो.

तेव्हा माझी पहिली सूचना अशी, की तुमच्या वर्तुळातल्या प्रत्येक शिळेला तिचे माहेर असू द्या. कोणती शिळा कोणत्या गावाने, कोणत्या घाटाने, किती माणसे गमावून आणली, हे त्या त्या गावाला ठाऊक असावे. असे झाले की शिळा आणि गाव यांच्यात देणेघेणे तयार होते, आणि जादूला त्या देण्याघेण्यातून वाट मिळते. मंत्राची मग फारशी गरजही उरणार नाही.

चांदणवेळ

अश्मक यांचा मुद्दा पटला. मी लोककथांच्या बाजूने थोडी भर घालते, कारण ब्रिटनमधल्या वर्तुळांच्या दंतकथा वाचताना दोनच कल्पना पुन्हा पुन्हा भेटतात आणि दोन्ही तुमच्या कामाच्या आहेत.

पहिली कल्पना अशी की या शिळा मुळात माणसे होती. कॉर्नवॉलमध्ये मेरी मेडन्स नावाचे १९ शिळांचे वर्तुळ आहे. रविवारी नाचल्याबद्दल मुलींच्या शिळा झाल्या, आणि थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या दोन उंच शिळा म्हणजे त्यांच्यासाठी वाजवणारे वादक, असे लोक सांगत आले. सॉमरसेटमधल्या स्टँटन ड्रूला पूर्ण लग्नाचे वऱ्हाडच दगड झाले, कारण शनिवारच्या मध्यरात्रीनंतरही त्यांना नाच थांबवायचा नव्हता, तेव्हा सैतानच वादक होऊन आला आणि त्याने पहाटेपर्यंत वाजवले. ऑक्सफर्डशर आणि वॉरिकशर यांच्या हद्दीवरच्या रोलराइटची कथा मला सर्वांत आवडते. दिग्विजयाला निघालेल्या राजाला एक चेटकीण भेटते आणि म्हणते, सात पावले टाक. तिथून लाँग कॉम्प्टन हे गाव दिसले तर तू इंग्लंडचा राजा होशील. राजा सात पावले टाकतो, पण समोरची जमीन उंचावते, गाव दिसत नाही, आणि राजा, त्याचे सैनिक आणि बाजूला डोकी जुळवून कट करणारे सरदार सगळे जागच्या जागी शिळा होतात. आजही तिथे राजाची शिळा वेगळी उभी आहे, सैनिकांचे वर्तुळ वेगळे आहे, आणि कुजबुजणारे सरदार म्हणून ओळखला जाणारा शिळांचा घोळका तिसरीकडे आहे.

या कथेची बांधणी पाहा. चेटकीण फसवत नाही. ती अट सांगते, अट उघड असते, राजा स्वतःच्या हावेने ती मान्य करतो. शिक्षा होते ती ठरलेल्या सौद्यातून. तुमच्या वर्तुळाच्या जादूला अशी उघड अट मिळाली तर तिचा धाक शंभर मंत्रांनी येणार नाही इतका येईल.

दुसरी कल्पना मोजणीची. रोलराइटच्या सैनिकांची संख्या दोनदा सारखी येत नाही, आणि जो तीनदा मोजून एकच आकडा आणील त्याची इच्छा पुरी होईल, असे म्हणतात. कंब्रियातल्या लाँग मेग आणि तिच्या मुली या वर्तुळाबद्दलही असेच सांगतात, की शिळा दोनदा सारख्या मोजल्या तर जादू सुटेल. स्टोनहेंजबद्दल तर अशी गोष्ट आहे की एका पाववाल्याने प्रत्येक शिळेवर एकेक पाव ठेवून मोजायचा प्रयत्न केला. मोजणी फसणे हा या सगळ्या कथांचा समान धागा आहे, पण ती का फसते हे एकही कथा सांगत नाही. तुमच्या कथेला इथे मोकळी जागा आहे.

वैनगंगा

आपल्याच मातीत शेकडो शिलावर्तुळे असताना चर्चा फक्त ब्रिटनभोवती फिरू नये, म्हणून लिहितो. माझे बालपण नागपूरच्या परिसरात गेले आहे आणि हा विषय मला जवळचा आहे.

नागपूरहून काटोलच्या रस्त्याला लागले की जुनापाणी येते. तिथे सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने १९व्या शतकात तिथे उत्खनन केले, आणि शिळांवर कोरलेल्या वाटीसारख्या लहान खळग्यांचे ब्रिटनमधल्या शिळांवरील खळग्यांशी असलेले साम्य त्याच्या नजरेत भरले. पुढे पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड अशा ठिकाणी पद्धतशीर उत्खनने केली. ही सगळी लोहयुगातली, साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली दफने आहेत. नायकुंडला लोखंड गाळण्याची भट्टीही सापडली. माहुरझरीला माणसाबरोबर पुरलेले घोडे मिळाले, आणि त्यांच्या मुखावर चढवण्याचे तांब्याच्या पत्र्याचे अलंकारही मिळाले. लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, अकीकाचे मणी, काळी-तांबडी मृद्भांडी हे सगळे त्या मृतांना दिलेले सामान आहे.

आता तुमच्या कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे सांगतो. स्टोनहेंजच्या चित्रांमुळे आपण वर्तुळ म्हणजे उंच खांबांचे अंगण अशी कल्पना करतो. विदर्भातली वर्तुळे तशी नाहीत. कडेने मोठमोठे गोटे बसवलेले असतात, बहुतेक कमरेपेक्षाही कमी उंचीचे, आणि आतली सगळी जागा माती आणि लहान दगडांच्या भरावाने भरलेली असते, मध्यभागी किंचित फुगीर. अशा वर्तुळात शिरायला आत मोकळी जागाच नाही. उन्हाळ्यात गवत वाळले की कडेचे काळे दगड आणि मधला फुगवटा उघडा पडतो, आणि पावसाळ्यात तरोटा वाढला की शेजारून जाणाऱ्यालाही पत्ता लागत नाही. गोट्यावर बोट फिरवले तर खळगे डोळ्यांआधी बोटाला कळतात. त्यांच्या कडा गुळगुळीत आहेत आणि काही ठिकाणी ते ओळीने आहेत. त्यांचा दिशांशी आणि आकाशाशी संबंध असावा का, यावरही अभ्यासकांनी विचार केला आहे.

दार असलेले वर्तुळ आणि कायमचे बुजवलेले वर्तुळ यांत फार मोठा फरक आहे. बुजवलेल्या वर्तुळात कोणीतरी आहे, आणि बाहेरचे लोक ते आत राहावे म्हणून किंवा त्याची आठवण राहावी म्हणून कडे उभे करतात. तुमच्या पठारावरचे वर्तुळ कोणासाठी आहे, हे आधी ठरवा. आत जिवंत माणसे जमणार असतील तर खालच्या मातीत कोण आहे, याचा विचार त्यांना करावाच लागेल. स्टोनहेंजलाही सुरुवातीच्या शतकांत मोठ्या प्रमाणावर दहन केलेल्या अस्थी पुरल्या गेल्या होत्या, हे इथे लक्षात घेण्यासारखे आहे.

माळरान

वैनगंगा, हा प्रतिसाद वाचून मी माझ्या पठाराचा नकाशा पुन्हा काढायला बसलो आहे. कळीचा प्रश्न असा, की मृतांचे वर्तुळ आणि सभेचे वर्तुळ एकच असू शकते का? शपथेची जागा आणि दफनाची जागा एकच ठेवली तर कथेला बळ येईल असे वाटते, पण ते ओढूनताणून आणलेले दिसू नये.

तळकोकण

ओढूनताणून मुळीच वाटणार नाही. वेताळाकडे पाहा.

देशावर आणि कोकणात वेताळाची जी जुनी स्थाने आहेत, त्यांपैकी अनेकांत देव म्हणजे एक उभा, न घडवलेला दगड असतो आणि त्याच्याभोवती लहान दगडांचे कडे असते. ते त्याचे गण, त्याचे पहारेकरी. जॉन स्टीव्हन्सन या मिशनऱ्याने १९व्या शतकाच्या पूर्वार्धात दख्खनमधल्या अशा स्थानांचे वर्णन करून ठेवले आहे: गोल मांडलेल्या शिळा, त्यांना चुन्याचा पांढरा रंग, आणि माथ्यावर तांबड्या रंगाचा टिळा. ही वर्तुळे पाहून युरोपीय निरीक्षकांना त्यांच्याकडच्या शिलावर्तुळांची आठवण झाली नसती तरच नवल. पुढे इतिहासकार दा. ध. कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवरून पायी हिंडून जुनी देवस्थाने, मोठ्या शिळा आणि त्यांच्या जवळून जाणाऱ्या प्राचीन वाटा यांचा परस्परसंबंध दाखवला, आणि त्यामुळे गावकुसाबाहेरच्या शेंदऱ्या दगडाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहता येऊ लागले.

वेताळ भुतांचा राजा आहे आणि त्याच वेळी गावाचा राखणदारही आहे. रात्री तो आपल्या सैन्यासह गावाच्या शिवेवर फेरी घालतो अशी श्रद्धा आहे. तळकोकणात आणि गोव्यात त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात, कारण रात्रभर चालून त्याच्या वहाणा झिजतात. झिजलेल्या वहाणा पाहून भक्ताची खात्री पटते की देव खरोखर फिरला. माझ्या मते अद्भुतकथेत जादू दाखवण्याचा याहून उत्तम मार्ग नाही. देव चालताना कोणी पाहिलेला नाही, वीज चमकत नाही, हवा थरथरत नाही. केवळ झीज दिसते.

राखणदार आणि मृतांचा धनी एकाच वर्तुळात राहू शकतो याचा हा जिवंत दाखला आहे. कोकणी माणूस खोटी शपथ घ्यायला सर्वांत जास्त कुठे घाबरत असेल, तर अशाच जागी.

शब्दनाद

आतापर्यंतची माहिती उत्तम आहे, परंतु मला एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. नियम, अटी, देणेघेणे, हिशेब हे सगळे मांडून झाल्यावर वर्तुळ सरकारी कचेरीसारखे चालू लागेल आणि गूढता जाईल. धागाकर्त्यांनी मुळात गूढ जादूबद्दल विचारले आहे. मला स्वतःला काही गोष्टी न समजणे आवडते.

स्कॉटलंडच्या लुईस बेटावरचे कॅलनिश हे याचे उदाहरण म्हणून देतो. मध्ये ४.८ मीटर उंचीची एक शिळा, तिच्याभोवती १३ शिळांचे वर्तुळ, आणि चारी दिशांना शिळांच्या रांगा. ते इसवी सनापूर्वी सुमारे २९०० मधले आहे. दर १८.६ वर्षांनी चंद्र दक्षिणेकडच्या डोंगररांगेला चिकटून, अगदी खालून सरकत जातो, आणि त्या रात्री तिथले दृश्य विलक्षण असते. हा चंद्राच्या कक्षेच्या कलाचा परिणाम आहे, त्याचे गणित आपल्याला येते, २०२४-२५ मध्ये ते दिवस येऊन गेलेही. तरी गणित कळल्यामुळे ते पाहण्याची ओढ कमी होत नाही. स्थानिक लोक आणखी एक गोष्ट सांगत: उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सूर्योदयाला, कोकिळेसारख्या पक्ष्याच्या हाकेपाठोपाठ एक तेजस्वी व्यक्ती शिळांच्या रांगेतून चालत येते. ती कोण, का येते, कुठे जाते, काही नाही. मला तर हे चार शब्द रोलराइटच्या सगळ्या सौद्यापेक्षा अधिक भारून टाकतात.

माझे म्हणणे इतकेच, की काळ मोठा ठेवा. १८ वर्षांनी एकदा घडणारी गोष्ट माणसाच्या आयुष्यात तीन किंवा चार वेळा येते. पहिल्यांदा तो मूल असतो, दुसऱ्यांदा आई किंवा बाप, तिसऱ्यांदा आजा किंवा आजी. इतक्या विरळ घटनेचे नियम कोणाला नीट कळणारच नाहीत, आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीचे अर्धवट ऐकलेले पुढे सांगेल. गूढता आपोआप टिकेल.

चांदणवेळ

शब्दनाद, काळ मोठा ठेवण्याची कल्पना अप्रतिम आहे आणि ती धागाकर्त्यांनी घ्यावीच. मात्र नियमांमुळे गूढता जाते हे मला मान्य नाही. नियम पात्रांना कळलेला असावा आणि त्याचे कारण कळू नये, एवढे पथ्य पाळले की पुरे. ग्रहणात काय करू नये हे आपल्या आज्यांना तोंडपाठ होते, आणि का हे विचारले की त्या गप्प करत. त्या गप्प करण्यातच सगळे वजन होते.

उत्तररात्र

एक गोष्ट राहून गेली आहे. वर्तुळ उभारणारे गेले, त्यानंतर जे आले त्यांनी काय केले?

इंग्लंडमधले एव्हबरी हे ब्रिटनमधले सर्वांत मोठे शिलावर्तुळ. ते इतके मोठे आहे की त्याच्या आत गाव वसले आहे. मध्ययुगात त्या गावच्या लोकांनी अनेक शिळा पाडून खड्ड्यांत पुरल्या, बहुधा जुन्या धर्माच्या भीतीने. १९३८ मध्ये अलेक्झांडर किलर या पुरातत्त्वज्ञाने त्यांपैकी एक शिळा उकरून काढली तेव्हा तिच्याखाली एका पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याच्याजवळ १४व्या शतकाच्या सुरुवातीची नाणी, कात्री आणि शस्त्रक्रियेचे एक हत्यार होते, म्हणून तो गावोगाव फिरणारा न्हावी-वैद्य असावा असे मानले गेले. पुढे १८व्या शतकात त्याच गावात शिळा आगीने तापवून, त्यांवर थंड पाणी ओतून फोडल्या गेल्या आणि त्यांच्या तुकड्यांची घरे बांधली गेली.

एकाच जागी पूजा, भीती आणि घरबांधणी हे सगळे आले. तुमच्या पठारावर कोणाच्या तरी घराच्या जोत्यात त्या वर्तुळाचा एक दगड बसलेला असणारच. त्या घरात काय होते, ते जरूर लिहा.

अश्मक

उत्तररात्र यांच्या मुद्द्याला पुरवणी म्हणून पश्चिम आफ्रिकेतला एक दाखला देतो, कारण त्यात वर्तुळाशी आजच्या माणसाचे नाते वेगळ्या तऱ्हेने दिसते. गांबिया आणि सेनेगल या देशांत गांबिया नदीच्या काठाने सुमारे ३५० किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात एक हजारांहून अधिक दफनस्मारके आहेत. त्यांपैकी चार समूह २००६ मध्ये जागतिक वारशात घेतले गेले, आणि त्या चार समूहांत मिळून ९३ वर्तुळे आहेत. खांब जांभ्याचे आहेत, लोखंडी हत्यारांनी घडवलेले, साधारण दोन मीटर उंच, एकाच वर्तुळातले जवळजवळ एकसारखे. आपल्या कोकणातला माणूस तिथे गेला तर दगड त्याला लगेच ओळखीचा वाटेल. गांबियातल्या वासू येथे येणारे लोक आजही खांबांच्या माथ्यावर लहान खडे ठेवून जातात. ज्यांनी ते खांब घडवले त्यांचे नाव, भाषा, देव काहीच हाती उरलेले नाही, तरी येणारा माणूस हात रिकामा ठेवून परतत नाही.

आणखी एक. कर्नाटकात कोप्पळजवळ हिरेबेनकल येथे टेकडीवर शिळांची घरे म्हणावीत अशी शेकडो दफनस्थाने आहेत, आणि ती मोर्य नावाच्या बुटक्या लोकांनी बांधली असे आसपासचे लोक सांगतात. जेफ्रीच्या कथेत राक्षस, इथे बुटके. शिळा माणसाने उचलल्या असतील हे मात्र कुठेच कोणाला खरे वाटत नाही. तुमच्या पठारावरच्या गावांना शिळांचे माहेर आठवत असेल तर ते जगावेगळे ठरेल, आणि हा फरक मुद्दाम ठेवण्यासारखा आहे.

माळरान

सर्वांचे मनापासून आभार. दोन रात्री बसून वर्तुळाचे नवे विधान लिहून काढले आहे. ते इथे ठेवतो, निर्दयपणे तपासावे.

दार काढून टाकले. पठाराच्या कडेने जितकी गावे, तितक्या शिळा. प्रत्येक गावाने आपली शिळा आपल्या शिवारातून, खांद्यावर आणि दोरांवर, गाडी न वापरता आणलेली आहे, आणि आणताना जी माणसे मेली ती त्या शिळेच्या पायाशी पुरलेली आहेत. म्हणून शपथ घेताना माणूस आपल्या गावच्या शिळेला पाठ टेकून उभा राहतो: त्याच्या पाठीशी त्याचे मृत असतात आणि समोर इतर गावांचे.

वर्तुळात उच्चारलेला शब्द पाळावा लागतो. जो जाणूनबुजून मोडतो, तो मोठ्या चंद्राच्या रात्री, म्हणजे साधारण दर एकोणीस वर्षांनी, नाहीसा होतो, आणि वर्तुळात एक शिळा वाढते. हे घडताना कोणी पाहत नाही, कारण त्या रात्री माळावर जाण्याची मनाई आहे. पात्रांना नियम ठाऊक आहे, त्यामागे कोण आहे हे ठाऊक नाही, आणि मीही ते कादंबरीत कुठेही सांगणार नाही. शब्दनाद यांचे एवढे मी निश्चित ऐकले आहे.

या जगातला सर्वांत कडक निर्बंध मोजणीचा आहे. शिळा मोजायच्या नाहीत. मुलाने बोट दाखवून एक, दोन म्हटले तरी त्याच्या हातावर चापट बसते. कारण आकडा गावांपेक्षा जास्त आला, की जास्तीची शिळा कोण, हे विचारावे लागेल, आणि मग कोणत्या घराने शब्द मोडला ते उघड होईल. सगळ्या गावांनी मिळून न मोजण्याचे ठरवले आहे, कारण मोजले तर सोयरिकी मोडतील. निर्बंध देवाने घातलेला नाही, माणसांनी एकमेकांना सांभाळण्यासाठी घातलेला आहे. नायिका पहिल्याच प्रकरणात शिळा मोजते.

तळकोकण यांच्याकडून एक प्रथा उचलली आहे. दर वर्षी पावसाळा सरल्यावर प्रत्येक गाव आपल्या शिळेला चुना लावते आणि माथ्यावर कावेचा तांबडा टिळा देते.

वैनगंगा

पाठीशी मृत उभे असणे फार चांगले साधले आहे. एक सुचवतो: पायाशी पुरलेल्यांना काहीतरी सामान द्या. पूर्ण यादी नको. एखाद्या बैलाच्या शिंगांत घालायच्या तांब्याच्या शेंब्या पुरेत. शिळा ओढताना माणसाबरोबर तो बैलही मेला, हे वाचकाला आपोआप कळेल.

चांदणवेळ

माळरान, विधान फार आवडले, आणि म्हणूनच त्यातली एक मोठी फट दाखवते. प्रत्येक गाव आपल्या शिळेला दर वर्षी चुना लावत असेल, तर जास्तीची शिळा बिनचुन्याची राहील. ती काळी शिळा लांबूनही दिसेल. मग मोजण्याची गरज काय, आणि मोजण्यावर बंदी घालून उपयोग काय?

माळरान

हे माझ्या लक्षात आलेच नव्हते. प्रथा काढून टाकावी लागेल असे दिसते, आणि ती काढायला मन धजत नाही.

तळकोकण

काढू नका. जास्तीच्या शिळेलाही चुना लागलेला असू द्या. याचा अर्थ, कोणीतरी ती गुपचूप रंगवते आहे. ज्या घरातला माणूस नाहीसा झाला त्या घरातले कोणीतरी, दर वर्षी, इतर सगळ्यांच्या आधी माळावर जाऊन. शिळा काळी राहिली तर घराची अब्रू जाते, म्हणून आई किंवा बायको ती पांढरी ठेवते, आणि तिच्यानंतर ती जबाबदारी मुलीकडे जाते.

चांदणवेळ

म्हणजे मोजणीच्या बंदीला आधार देणारे हात घराघरांत आहेत. नायिकेने मोजून आकडा जास्त आणला, तरी सगळ्या शिळा पांढऱ्याच असल्यामुळे कोणती जास्तीची हे तिला कळणार नाही. तिला गावोगाव जाऊन प्रत्येक शिळेचे माहेर विचारावे लागेल. अश्मक यांची पहिली सूचना इथे कामाला आली.

अश्मक

आणि ज्या शिळेला माहेर निघणार नाही, ती माणसाची. यापुढे नायिकेला कोणत्याही मंत्राची आवश्यकता नाही.

माळरान

तळकोकण, चांदणवेळ, अश्मक, मला आता शेवटची चार प्रकरणे दिसू लागली आहेत. फक्त एक व्यावहारिक शंका आहे. काळ्या कातळाच्या पठारावर चुना येतो कुठून? बाजारात सहज मिळत असेल तर कोणीही कधीही आणील. मला तो मिळवणे अवघड करायचे आहे.

वैनगंगा

ते तुमच्या भूगोलातच आहे. बेसाल्टच्या मुलखात चुनखडीचे डोंगर नसतात, पण नदी-ओढ्यांच्या काठच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. ते वेचून भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. पठारावर एकच नदी ठेवा आणि भट्टी एकाच गावाकडे ठेवा, म्हणजे चुना मोजून मिळेल, गावागणिक ठरलेला वाटा.

तळकोकण

कळीचा चुना लपवणेही सोपे नाही. त्यावर पाणी घातले की तो फसफसतो, वाफा निघतात, भांडे हात लावू देत नाही इतके तापते, आणि विरायला वेळ लागतो. रात्री घरात कोणी चुना विरवू लागले तर शेजारच्या भिंतीलाही कळते. शिवाय एका पावसाळ्यात शिळेवरचा चुना धुऊन जातो, त्यामुळे एकदा लावून भागत नाही. बाईला दर वर्षी कुठून तरी थोडासा चुना मागावा लागेल: पानासाठी, भिंतीसाठी, धान्याच्या कणगीसाठी, दर वर्षी नवे निमित्त. भट्टीवाल्याने आपल्या वहीत घरागणिक हिशेब ठेवला असेल, तर नायिकेने शिळा मोजायला माळावर जाण्याऐवजी त्या वहीत पाहावे. सहा माणसांच्या घराला पानासाठी पायलीभर चुना कशाला लागतो, हा प्रश्न तिने भट्टीवाल्याला विचारला, की तो वही मिटून घेईल, कारण ती निमित्ते खोटी आहेत हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे आणि दर वर्षी वाट्याबाहेरचा चुना मोजून देणारा तोच आहे.